आखाजीला कुणाचं काम थांबतं?

आमच्या गावात नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक जुना कडुनिंब होता. वर्षभर त्याच्या सावलीला बैल बांधलेले असत. चैत्र सरत आला की माझा चुलता बैलगाडीचा नाडा खांद्यावर टाकून त्याच्या आडव्या फांदीवर चढायचा. फांदीला आधी गोणपाट गुंडाळायचा, म्हणजे नाडा काचत नाही. मग दोन्ही पदर खाली सोडून स्वतः लटकून बघायचा. फांदी करकरली नाही की उतरून म्हणायचा, ‘झालं.’ तेवढ्यावरून गल्लीला कळायचं की आखाजी आली.

झोक्यावर पहिली झुंबड आम्हा पोरांची असे, पण तो बांधलेला असे आत्यांसाठी. मोठी आत्या दुपारच्या एसटीने यायची. पायावर पाणी घेऊन, माठातलं गार पाणी पिऊन ती सवयीने चुलीकडे वळायची आणि आजी तिला अडवायची. ‘बठ, माय.’ एवढंच. आत्या ओट्यावर बसायची. काम नसलेल्या हातांचं काय करावं हे तिला पहिला अर्धा तास कळत नसे. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राही, मधेच उठे, पुन्हा बसे. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर चाळिशीची ती बाई, दोन मोठ्या मुलांची आई, त्या निंबाखाली झोक्यावर उभी राहायची आणि गुडघे वाकवून असा हेलकावा घ्यायची की पैंजण निंबाच्या पाल्याला लागावेत. डोक्यावर पदर नसे. वाटेने जाणारी वडीलधारी माणसं तिला बघून न बघितल्यासारखं करत. माहेरच्या गावात लेकीला कुणी टोकत नाही, हा तेव्हा न लिहिलेला कायदा होता.

मी पुढे शहरात सण पाहिले. ढोलताशे पाहिले, रोषणाई पाहिली, मोठमोठे मंडप पाहिले. प्रत्येक वेळी एक प्रश्न मनात येतो आणि तो त्या ओट्यावर बसलेल्या आत्याने मला दिलेला आहे: या सणात नेमकं कुणाचं काम थांबलं? माझ्या लेखी सणाची किंमत याच एका प्रश्नावर ठरते. किती माणसं जमली, किती खर्च झाला, किती फटाके उडाले, हे नंतरचं. ज्याला वर्षभर थांबता येत नाही त्याला सणाने थांबवलं का, हे पहिलं.

आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य तृतीया. उरलेल्या महाराष्ट्राला ती साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून माहीत आहे. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये, ती दिवाळीच्या तोडीची आहे. चैत्रातच घरात गौराई बसते. टोपलीत गहू पेरले जातात, त्यांचे पिवळसर कोंब वर येतात, पोरीबाळी रोज गौराईची गाणी म्हणतात. गौराई म्हणजे पार्वती, माहेरी आलेली लेक. आखाजी झाली की शंकर तिला न्यायला येणार आणि तिची पाठवणी होणार. म्हणजे या सणाची देवताच सासुरवाशीण आहे. ती राक्षस मारत नाही, वर देत नाही. ती फक्त माहेरी राहायला येते, आणि तेवढ्यासाठी तिची पूजा होते.

त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात. कुंभाराकडची नवी लाल घागर, तिच्यावर मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज, सांजोरी आणि दोन आंबे. घरातून गेलेली माणसंही या दिवशी पाण्याला येतात, अशी श्रद्धा. खापरावर पुरणाचे मांडे, आमरस, रशी, कुरडया, भजी असा स्वयंपाक. गेलेली माणसं आणि दिलेल्या लेकी अशा दोघांनाही एकाच दिवशी घरी बोलावणारा सण मला दुसरा ठाऊक नाही. ज्यांची ताटातूट झाली त्यांना एका दिवसापुरतं घर परत करणं, हे आखाजीचं काम.

बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता रचली, यात नवल नाही. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी वाड्यात सून म्हणून आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. नंतरचं आयुष्य शेतात आणि घरात राबण्यात गेलं. असोदे जळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे, सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला पोचावं इतकं जवळ. तरीही त्यांच्या गाण्यांमधलं माहेर फार लांब वाटतं. हे अंतर रस्त्याचं नव्हतं, परवानगीचं होतं. सुनेला घराबाहेर पडायला कारण लागे, न्यायला भाऊ लागे, आणि सासरच्या कुणी नाही म्हणू नये असा दिवस लागे. मुराळी, म्हणजे न्यायला आलेला भाऊ, दारात उभा राहिला की आखाजीला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. सणाचं हे बळ होतं. तो नुसता आनंद देत नव्हता, बाईला एक हक्क मिळवून देत होता, आणि तो हक्क रूढीच्याच भाषेत असल्यामुळे रूढीला तो मोडता येत नव्हता.

आखाजीला मोकळा होणारा दुसरा माणूस सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. खान्देशात सालदारकीचं वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत धरतात. आखाजीला जुनं साल संपतं, हिशेब होतो, आणि नव्या वर्षाचा मोबदला, धान्य, कपडे, चपला, हे सगळं बोलून ठरतं. त्या दिवशी सालदार कुणाचाच बांधील नसतो. हवं तर त्याच मालकाकडे राहील, नाही तर दुसरा मळा धरेल. मी या पद्धतीचं गुणगान करणार नाही. उचल घेतलेल्या सालदाराचं स्वातंत्र्य बहुतेक वेळा कागदावरच राही, आणि कर्ज फिटेपर्यंत सालामागून साल जाई. तरीही एवढी गोष्ट खरी की शेताच्या वर्षात एक दिवस असा होता जेव्हा मालकाला त्याच्यासमोर बसून विचारावं लागे, ‘राहतो का?’ वर्षभर हुकूम ऐकणाऱ्या माणसाला त्या दिवशी प्रश्न विचारला जाई.

लेक आणि सालदार. घरात सगळ्यात जास्त राबणारी बाई आणि शेतात सगळ्यात जास्त राबणारा गडी. आखाजीने नेमकी हीच दोन माणसं हेरली आणि त्यांनाच मोकळं केलं. रब्बीचा माल घरात आलेला, खरिपाला अजून महिना अवकाश, ऊन पंचेचाळीस अंशांकडे चाललेलं, जमीन तापून भेगाळलेली. अशा वेळी शेत स्वतःच थांबलेलं असतं. त्या थांबण्याचा वाटा खालच्या माणसापर्यंत पोचवण्याची व्यवस्था म्हणजे आखाजी.

महाराष्ट्रात विश्रांती हा हक्क म्हणून मागितल्याचा एक मोठा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज आपण रविवार सहज घेतो, त्यामागे त्यांची झुंज आहे. पण त्या रविवारीही घरची चूल पेटत होतीच. उलट सगळे घरी म्हणून दोन पदार्थ जास्त होत होते. घरात राबणाऱ्या बाईसाठी कुणी लोखंडे झाला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या विनामोल कामात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. पाच तास आणि दीड तास. या पाच तासांना साप्ताहिक सुट्टी नाही. खान्देशाच्या खेड्याने त्यावर वर्षातून एकदा का होईना, उत्तर शोधलं होतं. ते अपुरं होतं, पण ते होतं.

इथे जरा लांब जाऊन येऊ. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क लोकांच्या मुलखात, ऑगस्टच्या मध्यावर ‘आस्ते नागुसिया’ साजरा होतो. बास्क भाषेत त्याचा अर्थ मोठा आठवडा. समुद्रकाठच्या सान सेबास्तियन शहरात १९६४ पासून त्या आठवड्यात आतषबाजीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. रोज रात्री अख्खं शहर ला कोंचाच्या खाडीकाठी जमतं आणि आइस्क्रीम खात आभाळाकडे बघतं. त्या आइस्क्रीमला तिथे परंपरेचाच मान आहे. तिथून जवळच, नेर्व्हिऑन नदीच्या काठावरच्या बिल्बाओत हाच उत्सव नऊ दिवस चालतो, आणि त्याची कहाणी आपण नीट ऐकावी अशी आहे.

बिल्बाओत उन्हाळी उत्सव पूर्वीही होता, पण तो मुख्यतः बैलांच्या झुंजींभोवती आणि तिकिटाच्या खेळांभोवती फिरे. ज्याच्या खिशात पैसा त्याचा उत्सव. फ्रँकोच्या हुकूमशाहीत बास्क भाषेलाही चारचौघांत मान खाली घालून राहावं लागलं होतं. नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको मेला. १९७८ साली बिल्बाओच्या नागरिकांनी उत्सव आपल्या हातात घेतला. वस्त्यावस्त्यांतून ‘कोंपार्साक’ नावाची मंडळं उभी राहिली, त्यांनी नदीकाठी ‘चोस्ना’ नावाची आपली दुकानं थाटली, गाणी, जेवण, नाच हे सगळं रस्त्यावर आणलं. मारी पुरी हेरेरो या चित्रकर्तीने त्या पहिल्या वर्षी मारीहाया नावाची एक मूर्ती घडवली. ठसठशीत बांध्याची, दोन्ही हात वर केलेली बाई. ती आली की उत्सव सुरू होतो आणि शेवटच्या रात्री तिला जाळून निरोप देतात. आपली गौराई सासरी जाते, त्यांची मारीहाया ज्वाळांत जाते. दोन्हीकडे निरोपाच्या वेळी लोकांचे डोळे भरतात.

मला या कहाणीतलं १९७८ साल महत्त्वाचं वाटतं. आज जो उत्सव तिथल्या लोकांना अनादी वाटत असेल, तो चार माणसांनी एकत्र बसून ठरवलेला आहे, आणि ठरवताना त्यांनी एकच गोष्ट विचारली: हा कुणाचा असावा? सण आभाळातून पडत नाही. प्रत्येक पिढी तो नव्याने ठरवते, आणि जी पिढी ठरवत नाही तिच्यासाठी बाजार ठरवतो.

आपल्या बाबतीत तेच घडतं आहे. आज वैशाख लागला की रस्तोरस्ती फलक झळकतात ते सोन्याचे. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, आणि इथल्या सराफ बाजाराची शुद्धतेची ख्याती तिच्या जागी खरी आहे. स्त्रीधनाचं मोलही मला कळतं, दुष्काळात बाईच्या अंगावरचा एक मणीच घर तारतो. पण सोनं घेतल्याने घरातल्या कुणाचंही काम थांबत नाही. आखाजीची ओळख ‘लेक येते तो दिवस’ याऐवजी ‘सोनं घ्यायचा दिवस’ अशी होते, तेव्हा सण बाईच्या हातून निसटून तिजोरीत जातो. ज्याला ग्रॅमभरही परवडत नाही त्याला तर त्या दिवशी आपण सणाबाहेर आहोत असं वाटू लागतं. निंबाचा झोका फुकट होता. त्यावर बसायला ऐपत लागत नव्हती.

दुसरा बदल शेतातला आहे, आणि तो जास्त खोल आहे. ठिबक आल्यावर पूर्वहंगामी कापसाची लागवड मे महिन्यातच सुरू होते. रावेर-यावलच्या केळीला तर सुट्टी अशी नाहीच, उलट वैशाखातल्या उन्हात बागेला सगळ्यात जास्त जपावं लागतं. पाण्याने शेतकऱ्याच्या हातात चार पैसे दिले, हे मी नाकारत नाही. पण रब्बी आणि खरिपाच्या मधली जी मोकळी जागा होती, जिच्यात आखाजी बसायची, तीच बुजत चालली आहे. शेत थांबेनासं झालं की शेतावरची माणसंही थांबत नाहीत.

तिसरा बदल रेल्वेच्या डब्यात दिसतो. खान्देशातली हजारो घरं सुरतेला उधना, लिंबायत, दिंडोलीकडे गेली आहेत. कापडाच्या कारखान्यांत राबणारी ही माणसं अजून अहिराणी बोलतात आणि अजून आखाजी मानतात. पण तिथला कामाचा दिवस पंचांग बघत नाही. भाऊच सुट्टी मिळाली नाही म्हणून येऊ शकत नाही, तर बहिणीला आणायला कोण जाणार? मुराळी हा शब्दच पुसट होत चालला आहे, कारण मुराळी व्हायला चार दिवस हातात असावे लागतात.

आणि निंब. आमच्या गावचा तो निंब रस्ता रुंद करताना गेला. कुणी वाईट हेतूने पाडला नाही. आराखड्यात तो झाड म्हणून होता, झोका म्हणून नव्हता.

आता एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर हा लेख गावच्या आठवणींचा उमाळा होऊन बसेल. आत्या ओट्यावर बसायची तेव्हा चुलीपुढे कोण असायचं? आजी असायची, आणि माझी आई असायची. आखाजीला खापर तापवून त्यावर मांडे टाकणं म्हणजे काय हे ज्याने पाहिलं त्यालाच माहीत. बाहेर पंचेचाळीस अंश, आत चूल, उपडं खापर लाल झालेलं, आणि दोन्ही कोपरांवर तो पातळ मांडा फिरवत मोठा करणारी बाई. घामाच्या धारा कोपरापर्यंत येतात आणि तरी मांडा फाटता कामा नये. आई माहेरी जायची ती आखाजी उलटल्यावर, आणि तीही नणंदा परत गेल्यानंतर. म्हणजे एका लेकीचा विसावा दुसऱ्या लेकीच्या कामावर उभा होता. सणाने काम थांबवलं नव्हतं, एकीच्या खांद्यावरून काढून दुसरीच्या खांद्यावर ठेवलं होतं.

त्याच वेळी पुरुष काय करत होते? खान्देशात आखाजीला पत्ते कुटायची जुनी चाल आहे. मंदिराच्या ओट्यावर, आंब्याखाली, सावली असेल तिथे डाव मांडलेले असतात, आणि कित्येक घरांत आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बाईला कळतं की हिशेबाचे पैसे डावात गेले. पुरुषाचं काम तर या सणात पूर्ण थांबतं, ते कुणी थांबवावं लागत नाही. म्हणून माझा प्रश्न अधिक टोकदार करून विचारला पाहिजे: कुणाचं काम थांबलं, आणि त्याच्या वाटचं कुणी केलं?

याहून मोठा डाग बालविवाहाचा आहे. मुहूर्त काढायची गरज नाही म्हणून अक्षय्य तृतीयेला लग्नं उरकण्याची रीत पडली, आणि त्या गर्दीत अठरा पुरे न झालेल्या मुलीही बोहल्यावर चढवल्या गेल्या. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, आणि या दिवशी प्रशासनाला डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. जो सण लेकीला घरी आणण्यासाठी आहे, त्याच दिवशी कोवळ्या लेकीला घरातून काढून देणं हा गौराईचा अपमान आहे. याला परंपरा म्हणणाऱ्याने गौराईच्या टोपलीला हात लावू नये.

आणि जमिनीचा प्रश्न. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. कागदावर मिळालेला तो हक्क दुय्यम निबंधकाच्या टेबलावर हक्कसोडपत्राने परत घेतला जातो. बहीण सही करते, कारण तिला भीती असते की जमीन मागितली तर माहेर तुटेल, आखाजीला मुराळी येणार नाही. म्हणजे वर्षातले दोन दिवस आणि एक साडी यांच्या बदल्यात ती बागायतीचा वाटा सोडते. माहेर इतकं महाग नसावं. भावाने बहिणीला आणायला जावं ते तिच्या सहीची परतफेड म्हणून नव्हे. तिचा वाटा तिच्या नावावर ठेवून जो भाऊ तिला आणायला जातो, तोच खरा मुराळी.

बास्क मुलखाकडे पुन्हा एकदा बघतो, कारण तिथेही हाच पेच आहे. सान सेबास्तियनमध्ये पुरुषांची भोजन मंडळं आहेत, तिथे पुरुष जमून हौसेने रांधतात आणि त्यांच्या हातच्या चवीचं जगभर कौतुक होतं. पण अनेक मंडळांनी त्या स्वयंपाकघराचं दार बायकांना बराच काळ बंद ठेवलं. आणि त्याच देशात २०१६ साली पाम्प्लोनाच्या उत्सवात एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि २०२२ साली संमतीचा कायदा बदलला. उत्सवात बाई निर्धास्त नसेल तर तो उत्सव नाही, हे त्या समाजाने मोठी किंमत मोजून शिकून घेतलं. डोक्यावर पदर नसताना झोक्यावर उभी राहिलेली आत्या आणि तिच्याकडे न बघता पुढे जाणारी माणसं मला त्या वेळी आठवली. ती नजर वळवणं ही मोठी संस्कृती होती. ती टिकवायची तर झोका आधी टिकवावा लागेल.

काहीजण म्हणतील, आता सासुरवास कुठे राहिला? लेक रोज फोनवर बोलते, तिची स्वतःची स्कूटर आहे, तिला माहेरी यायला आखाजी कशाला हवी? यात तथ्य आहे. परवानगीचं अंतर बऱ्याच घरांत खरंच कमी झालं, आणि त्याचा आनंदच आहे. पण कामाचं अंतर तसंच आहे. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये राबणारी बाई घरी येऊन पुन्हा तेच पाच तास करते. पूर्वी एक नोकरी होती, आता दोन आहेत. फोनवर माहेर भेटतं, विसावा भेटत नाही. ‘बठ, माय’ हे फोनवर म्हणता येतं, पण ती बसल्यावर तिच्या हातचं काम कुणीतरी घ्यावं लागतं.

मग करायचं काय? महोत्सव भरवू नका, एवढी माझी पहिली विनंती आहे. मंच, पाहुणे, सत्कार, निवेदक, फलक यांनी आखाजी वाचणार नाही. त्यात तर आणखी दहा जणींना नऊवारी नेसून रांगेत उभं राहावं लागेल. आखाजीत प्रेक्षक नव्हते. तिला प्रेक्षक दिले की ती संपेल.

करायचं ते घरात आहे. आखाजीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. हे ऐकून हसू नये, कारण खान्देशी पुरुषाला रांधता येत नाही ही गोष्ट मुळातच खोटी आहे. थंडीत मळ्यात भरीत पार्टी होते तेव्हा बामणोदची हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर कोण भाजतं? लाकडी बडजीत ती कोण ठेचतं? नवसाच्या वरण-बट्टीला शे-दोनशे माणसांच्या बट्ट्या कोण भाजतं? तिथे बहुतेक वेळा पुरुषच असतो, आणि चोख काम करतो. भरीत जमतं त्याला पुरण जमेल. मांडा पहिल्या वर्षी फाटेल, दुसऱ्या वर्षी जाड होईल, तिसऱ्या वर्षी उतरेल. तोवर घरच्या बायका आमरसाबरोबर पोळी खातील, आणि मला खात्री आहे, कुणाची तक्रार येणार नाही. असं झालं तर नणंद आणि भावजय दोघींना एकाच दिवशी माहेर मिळेल. आजवर आखाजीने एकीला दिलं आणि दुसरीकडून घेतलं. तो हिशेब या एका बदलाने पुरा होतो.

दुसरं, कामाच्या ठिकाणी. जिल्हाधिकाऱ्यांना स्थानिक सुट्ट्या देण्याचा अधिकार असतो आणि सरकारी कर्मचाऱ्याला तिचा लाभ होतो. पण गौराईची गाणी म्हणणाऱ्या बहुतेक बायका सरकारी नोकरीत नाहीत. त्या रोजाने जातात. एक दिवस गेला की एक रोज बुडतो. कारखानदारांनी, दुकानदारांनी, बागायतदारांनी आखाजीचे दोन दिवस बाईला भरपगारी द्यावेत. दिवाळीला बोनस देण्याची आपली रीत आहे, आखाजीला वेळ देण्याची रीत पाडावी.

तिसरं, जागा. झोक्याला झाड लागतं, यात्रेला नदी लागते. आखाजीनंतर आठ दिवसांनी, वैशाख शुद्ध एकादशीला, अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात महाराजांच्या समाधीभोवती यात्रा भरते, पाळणे लागतात, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकानं मांडली जातात. तृतीयेची कोर वाढत वाढत पालखीच्या रात्री पुरी होते. दिवसा जाळणारं ऊन आणि रात्री नदीत उतरलेलं चांदणं, हा खान्देशाचा स्वतःचा मोठा आठवडा आहे. त्याला तिकीट नाही, दार नाही. माहेरी आलेली लेक त्या यात्रेत बांगड्या भरून सासरी परतते. धुळ्याला चैत्र पौर्णिमेपासून पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा भरते, तीही नदीच्याच आधाराने. वाळू उपसून नद्यांचे खड्डे झाले आणि वस्तीच्या सांडपाण्याने काठ सडले, तर हे आठवडे कुठे मांडायचे? ग्रामपंचायतीने दर वर्षी ठराव करावा: गावात एक निंब झोक्यासाठी राखलेला, त्याच्या फांदीला कुऱ्हाड नाही, त्याच्याखाली वाहनतळ नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नोंदवहीत विहीर असते, चावडी असते. तिथे झोक्याचं झाडही असावं.

उन्हाचं कारण सांगून काहीजण हे सगळं बाजूला सारतील. ऊन वाढलं आहे, हे खरं. पण उन्हाळ्यात उत्सव करणाऱ्या लोकांनी नेहमीच रात्र वापरली आहे. बास्क लोक मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर असतात. आमच्या आत्याही झोक्यावर बसत त्या ऊन उतरल्यावर, आणि गाणी रात्री उशिरापर्यंत चालत. दुपार ही झोपण्यासाठीच होती. आखाजीची दुपारची झोप हाही सणाचाच भाग होता, आणि ती झोप बाईला मिळाली पाहिजे.

बिल्बाओच्या लोकांना १९७८ साली एक संधी मिळाली आणि त्यांनी विचारलं, उत्सव कुणाचा? आपल्याला हुकूमशहा मरायची वाट बघावी लागत नाही. आपल्या घरात हा प्रश्न विचारायला फक्त एक आखाजी लागते.

माझ्या आईचं वय आता पंचाहत्तरीकडे झुकलं आहे. गेल्या आखाजीला तिने पुरण वाटायला घेतलं तेव्हा मी तिच्या हातातून पाटा-वरवंटा काढून घेतला आणि आजीचेच दोन शब्द म्हणालो. ती ओट्यावर जाऊन बसली. काम नसलेल्या हातांचं काय करावं हे तिला पहिला अर्धा तास कळलं नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आत्याला जे दर वर्षी मिळत होतं ते माझ्या आईला मिळायला पन्नास आखाज्या जाव्या लागल्या.

वाचकहो, तुमच्या घरात ती बाई कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. येत्या आखाजीला तिला बसवा, आणि तिच्या जागी तुम्ही उठा. तोवर हाताशी महिने आहेत. तेवढ्यात पुरण शिजवायला शिकून घ्या.